ढवळाढवळ

भिशीत बाराजणी असतात. बाराजणी सारखेच पैसे भरतात आणि बाराजणींना सारखेच पैसे परत मिळतात. महिन्याला दोन हजार, वर्षाचे चोवीस हजार. कुणाला रुपया जास्त नाही, कुणाला रुपया कमी नाही. तरीही ठरलेल्या शनिवारी चिठ्ठी निघायची वेळ झाली की सोसायटीतल्या भल्याभल्या बायका हातातली कोथिंबीर वडी बशीत ठेवून मनातल्या मनात देवाचं नाव घेतात. कारण भिशीत नशिबाचा प्रश्न ‘किती’ हा नसतोच, तो असतो ‘कधी’. पहिल्या महिन्यात लागली तर बिनव्याजी कर्ज, शेवटच्या महिन्यात लागली तर बिनव्याजी ठेव. बँका ज्या फरकावर इमारती बांधतात, तो फरक इथे स्टीलच्या एका वाडग्यात निकालात निघतो.

हे गणित आपल्याला येतं असा माझा फार जुना समज आहे. तो डोंबिवलीच्या लोकलमध्ये तयार झाला. नोकरीत असताना चौघांच्या मांड्यांवर एक ब्रीफकेस आडवी ठेवून आम्ही रोज मुंबईपर्यंत रमी खेळत जायचो. पडलेला पत्ता लगेच गड्डीत परत जात नाही, त्यामुळे काय काय पडलं हे ज्याच्या ध्यानात राहतं त्याला काय उरलं हेही कळतं. बदामची राणी दोनदा पडली की तिसऱ्यांदा तिची वाट बघणारा माणूस मूर्ख. हे मला समजत होतं. शिवाय रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं 1967 साली खुद्द सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, आणि त्याचं एक कारण हेच दिलं की पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. तीनपत्तीला मात्र त्याच निकालात निव्वळ नशिबाच्या रांगेत बसवलं. हा निकाल मी बायकोला वेळोवेळी ऐकवत असे. ती एकदाच म्हणाली, “तीनपत्ती खेळत जा मग. हरलात तर नशिबावर तरी ढकलता येईल.”

तर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, आणि बायको साताऱ्याला गेली. भिशीचा शनिवार नेमका त्यातच आला. जाताना तिने दोन हजार रुपये पाकिटात घालून फ्रिजवर ठेवले आणि मला काम समजावून सांगितलं. “खाली जायचं. पाकीट द्यायचं. वड्या खायच्या. चिठ्ठी उचलायची. घरी यायचं. आणि अहो, बोलायचं नाही.”

यातल्या पहिल्या तीन गोष्टी मी तंतोतंत केल्या.

पद्धत साधी होती. वर्षाचा पाचवा महिना होता, म्हणजे चौघींना लागून गेली होती आणि आठजणी उरल्या होत्या. आठ चिठ्ठ्या, सात कोऱ्या, एकीवर ‘श्री’. ज्यांना अजून लागलेली नाही त्यांनी पाळीपाळीने एकेक उचलायची, तिथल्या तिथे उघडायची, आणि ‘श्री’ निघाली की टाळ्या. लागली तिचं नाव वर्षभरासाठी बाद, पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या सात. उरलेल्या चौघी पैसे भरायला, वड्या खायला आणि टाळ्या वाजवायला.

यजमानीण वाडगा घेऊन आली आणि म्हणाली, “दुसऱ्या मजल्यावरच्या ताई, या तुम्ही आधी.” ताई पुढे सरकल्या. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू माझ्या कानाशी कुजबुजल्या, “आधी उचलणाऱ्याचं बरं असतं. आपल्यापर्यंत येईतो काय उरतंय?”

मी बोललो नसतो. पण समोर धडधडीत चुकीचं गणित चालू असताना गप्प बसणं मला जमत नाही. ते जमलं असतं तर मी हेडक्लार्कच्या वर गेलो असतो.

“काकू, आधी आणि नंतर सगळं सारखंच,” मी म्हणालो. “आठहीजणींना आठात एक.” आणि टीपॉयवर गॅसचं बिल पडलं होतं त्याच्या पाठीवर मी मांडून दाखवलं. पहिलीची शक्यता एक छेद आठ. दुसरीला लागायची तर पहिलीची कोरी निघायला हवी, म्हणजे सात छेद आठ, गुणिले उरलेल्या सातांतली एक. साताला सात गेले, राहिलं एक छेद आठ. तिसरीचं सात छेद आठ, गुणिले सहा छेद सात, गुणिले एक छेद सहा. सात गेले, सहा गेले, पुन्हा एक छेद आठ. आठवीपर्यंत असे आकडे एकमेकांना खात जातात आणि शेवटी तोच अष्टमांश शिल्लक राहतो. मला हे गणित फार आवडतं. आयुष्यात इतका हिशेब चोख जुळल्याचं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

चौथ्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात. त्यांनी चष्मा वर केला. “पण काका, आपण चिठ्ठ्या लगेच उघडतो ना? दोघींच्या कोऱ्या निघाल्या की तिसरीला सहात एक झाली की. आठात एक कुठे राहिली?”

प्रश्न चांगला होता आणि मी तो लगेच ओळखला, कारण तो मलाही पडला होता आणि लोकलमध्ये तो सुटेपर्यंत मी दोनदा कल्याणला पोहोचलो होतो. “बाई, दोघींच्या कोऱ्या निघालेल्या तुम्ही बघितल्या, म्हणून सहात एक. पण त्या दोघींपैकी एकीला लागली असती तर? मग तिसरीची पाळीच आली नसती. आठात सहा वेळा तिची पाळी येणार, आणि आली तर सहात एक. दोन्हींचा गुणाकार करा. आठात एक. कोणाची चिठ्ठी न उघडता सगळ्यांनी उचलून मुठीत धरली, तर पहिली कोण नि शेवटची कोण याला काही अर्थच उरत नाही. बदलतं ते आपल्याला काय ठाऊक आहे ते.”

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण बाईंनी मान डोलावली. माझ्या गणिताला मान डोलावणारी व्यक्ती मला फार दिवसांनी भेटली होती. त्या भरात मी हायगेन्सवर घसरलो.

1657 साली या डच गृहस्थाने फाशांच्या गणितावर छोटंसं पुस्तक लिहिलं आणि शेवटी वाचकांना सोडवायला पाच गणितं घातली. त्यातलं दुसरं असं: बारा सोंगट्या, चार पांढऱ्या, आठ काळ्या. तिघांनी डोळे बांधून पाळीपाळीने एकेक उचलायची. ज्याच्या हाती आधी पांढरी आली तो जिंकला. आता काळी निघाली तर ती परत टाकायची की बाजूला ठेवायची, हे काही त्यातून नीट कळत नाही. पुढे याकोब बर्नूलीने त्या एका गणिताचे तीन अर्थ लावले आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी काढली. ती छापून आली 1713 मध्ये, तो गेल्यावर आठ वर्षांनी.

“हे हायगेन्स कुठल्या विंगमधले?” काकूंनी विचारलं.

“पण तिथे कोणाला जास्त संधी?” बाईंनी विचारलं.

“सोंगटी परत ठेवली नाही, तर पहिल्याला 165 पैकी 77 वाटे, दुसऱ्याला 53, तिसऱ्याला 35,” मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

“म्हणजे पहिल्याचं बरं असतं!” काकू म्हणाल्या, आणि खोलीत पहिल्यांदाच एकमत झालं.

तिथे पांढऱ्या चार आहेत आणि पहिली पांढरी निघताच खेळ संपतो, आपल्याकडे ‘श्री’ एकच, असं मी सांगत होतो. पण वड्यांची दुसरी फेरी आली होती. गेलेली पत परत मिळवायला मला काहीतरी भरीव करणं भाग होतं. म्हणून मी वाडग्यात पाहिलं.

आणि मला ते दिसलं. सात चिठ्ठ्या वहीच्या रेघांच्या पातळ कागदाच्या होत्या. आठवी जाड, गुळगुळीत, कॅलेंडरच्या पानाची. वरून दिसायला सगळ्या सारख्या घडीच्या, पण डोळे मिटून बोट फिरवलं तरी ती कळली असती. घडीच्या कडेला एका तिथीचा लाल आकडाही अर्धवट डोकावत होता.

“हे चालणार नाही!” मी म्हणालो.

खोली शांत झाली. मला वाटलं, दबदबा.

मग मी 1969 काढलं. त्या वर्षी 1 डिसेंबरला अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धासाठी कोणाला आधी बोलवायचं ते सोडतीने ठरलं. वर्षाच्या 366 तारखा निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांत घालून काचेच्या बरणीत ओतल्या आणि एकेक काढली. पहिली निघाली 14 सप्टेंबर. त्या तारखेला जन्मलेले आधी. नंतर आकडेशास्त्राची माणसं बसली तेव्हा ध्यानात आलं, की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा जरा जास्तच लवकर निघाल्यात. कुप्या पेटीत महिन्यांच्या क्रमाने टाकल्या होत्या, जानेवारीच्या आधी, डिसेंबरच्या शेवटी, आणि पुरेशा मिसळल्याच नव्हत्या. पुढल्या वर्षी सरकारने दोन ड्रम आणले, एकातून तारीख काढायची आणि दुसऱ्यातून क्रमांक.

“डिसेंबरातली पोरं आधी लढाईवर,” मी बोट नाचवत म्हणालो, “का? तर कुणीतरी ढवळायचा कंटाळा केला!”

“माझा नातू डिसेंबरचाच आहे,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी वडी खाली ठेवली.

मी यजमानीणबाईंच्या मुलीच्या वहीतलं एक पान मागून घेतलं. पट्टीने आखून आठ सारखे तुकडे केले. एकावर ‘श्री’ लिहिलं, पेन्सिलीने, दाबून न लिहिता, म्हणजे मागे उमटायला नको. सगळ्यांच्या चार-चार घड्या केल्या, नखाने दाबल्या. जुन्या चिठ्ठ्या, कॅलेंडरवालीसकट, फाडून खिशात घातल्या. मग वाडगा मांडीत घेऊन सासूबाईंच्या श्रीखंडालाही कधी ढवळलं नसेल इतकं ढवळलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. यजमानीण काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही.

“आता या ताई,” मी म्हणालो. “पहिलं यायचं तर या. काही फरक पडत नाही. मी सगळ्यांत शेवटी घेईन.”

ताईंनी हात घातला. त्यांचा हात वाडग्यात बराच वेळ होता. अंगठा आणि तर्जनी यांच्यात त्या एकेक चिठ्ठी धरायच्या, चोळायच्या, सोडायच्या. मला वाटलं, श्रद्धाळू बाई आहे. शेवटी त्यांनी एक काढली, उघडली. कोरी. त्यांनी तिची परत जशीच्या तशी घडी घातली आणि बशीखाली ठेवली.

मग काकू, कोरी. बाई, कोरी. एकेक करत माझ्या हातातला अष्टमांश षष्ठांश झाला, चतुर्थांश झाला, शेवटी यजमानीण आणि मी दोघंच उरलो तेव्हा निम्मा झाला. तिची कोरी निघाली. शेवटची चिठ्ठी खरं तर उघडावीही लागत नाही. मी उघडली. उंच धरून सगळ्यांना दाखवली.

टाळ्या वाजल्या, पण चारच. मी मोजल्या.

रात्री बायकोचा फोन आला. मी म्हटलं, “लागली!”

“कोणाला?”

“आपल्याला! चोवीस हजार!”

पलीकडे काहीच नाही. मग म्हणाली, “ताईंनी पहिली उचलली ना?”

“उचलली की. पण पहिली काय अन् शेवटची काय...”

“जाड चिठ्ठी नव्हती का वाडग्यात?”

“होती! मी पकडली. फाडून टाकली.”

त्यानंतर ती जे बोलली ते साताऱ्याच्या भाषेत होतं. अर्थ एवढाच, की ही भिशी अशीच चालते. ज्या महिन्यात जिला खरी नड असेल, तिच्यासाठी ‘श्री’ कॅलेंडरच्या पानावर लिहायची आणि तिला पहिली उचलू द्यायची. कोणी बोलत नाही, कोणी विचारत नाही, सगळ्यांना ठाऊक. ताईंच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी मंगळवारी भरायची होती.

“मग सरळ देऊन टाका ना पैसे!” मी म्हणालो. “चिठ्ठीचं नाटक कशाला?”

“सरळ दिले तर तिला मागावे लागतील,” ती म्हणाली. “चिठ्ठीत आले की आले. सकाळी उठून नेऊन द्या. आणि बोलू नका.”

सकाळी मी पाकीट घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलो. ताईंनी चहा टाकला. मी पाकीट पुढे केलं. त्या म्हणाल्या, “छे छे, भाऊजी. तुम्हाला लागली, तुमचे पैसे.”

मी म्हटलं, “तुम्ही आधी उचललीत म्हणून. शेवटी उचलली असती तर तुम्हाला लागली असती.”

“पण तुम्हीच म्हणालात ना, आधी काय नि शेवटी काय, सगळं सारखंच?” त्या म्हणाल्या. “मला पटलं ते. त्या गॅसच्या बिलावर सगळं गेलं ना कटून.”

माझं गणित इतकं पूर्ण समजलेली व्यक्ती मला त्याआधी भेटली नव्हती. मी त्यांना उसने घ्या म्हटलं, त्या नको म्हणाल्या. महिन्यांची अदलाबदल करू म्हटलं, त्या नको म्हणाल्या. नशिबाने दिलेलं असं फिरवू नये म्हणाल्या. भिंतीवरचं घड्याळ साडेनऊ दाखवत होतं. मग मला एकच वाट दिसली.

“ताई,” मी म्हणालो, “नशीब वगैरे काही नाही. मी लबाडी केली. चिठ्ठ्या मी बनवल्या, ‘श्री’ मी लिहिली, खूण मला ठाऊक होती. म्हणून तर शेवटी थांबलो.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पाकीट घेतलं, देवापुढे ठेवलं, आणि चहात साखर घातली का ते विचारायचं विसरल्या.

संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी पोचली, की सातशे दोनवाले काका भिशीत लबाडी करतात. वॉचमनने मला लिफ्टमध्ये आधी जाऊ दिलं नाही. काकू जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी पर्स काखेत दाबून धरली, आणि डिसेंबरातल्या नातवाचं काय म्हणून विचारायचंही टाळलं.

यातून एक शास्त्रीय घोटाळाही झाला. पैसे ताईंना गेल्यामुळे ताईंचं नाव बाद आणि आमचं नाव परत वाडग्यात. काढलेली चिठ्ठी परत टाकणे! बर्नूलीच्या तीन अर्थांपैकी हा एक अर्थ डोंबिवलीत प्रत्यक्षात आला, आणि त्याची दखल घ्यायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, “सातच चिठ्ठ्या आहेत ना पुढच्या वेळी? मग झालं तर.” हिशेब बरोबर होता. नावं बदलली तरी सातच.

भिशीच्या पुढच्या शनिवारी ती स्वतः गेली. मला येऊ दिलं नाही. जे कळलं ते तिच्याकडून. वाडगा मध्ये ठेवला तर पहिली उचलायला कोणी पुढे येईना. मी शेवटी थांबलो होतो आणि मी लबाडी केली होती, त्याअर्थी शेवटच्या चिठ्ठीत काहीतरी गोम असणार, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. “तुम्ही घ्या.” “छे, तुम्ही घ्या.” “तुम्ही मोठ्या.” “तुम्ही पाहुण्या.” चहा गार झाला. पहिल्याचं बरं असतं म्हणणाऱ्या काकूसुद्धा सोफ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या होत्या. शेवटी शिक्षिका बाईच म्हणाल्या, सगळ्यांनी एकदम हात घाला, एकदम मूठ मिटा, एकदम उघडा. तसं केलं आणि पाच मिनिटांत निकाल लागला.

“हेच तर मी सांगत होतो!” मी म्हणालो. “मुठीत धरून उघडलं की क्रम राहतच नाही!”

“हो का,” बायको म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

त्या दिवशी ज्यांना लागली त्यांच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं. त्याच्या पुढच्या महिन्यात ज्यांना लागली त्यांच्या नवऱ्याची अँजिओप्लास्टी ठरली होती. सगळ्याजणी एकदम हात घालत असताना हे कसं जमवलं, ते मला अजून उमगलेलं नाही. कॅलेंडरचं पान आता नसतं, एवढं मी खात्रीने सांगू शकतो, कारण आमच्या घरचं कॅलेंडर मी दर महिन्याला तपासतो. नवी खूण काय ते बायकोला ठाऊक आहे. मला सांगितलेलं नाही.

आमच्या घरी त्या वर्षी नड कसली आली नाही, त्यामुळे चिठ्ठ्या सातच्या सहा झाल्या, सहाच्या पाच झाल्या, आणि आमचं नाव शेवटपर्यंत वाडग्यात राहिलं. बारावा महिना आमच्याच घरी होता. मी वड्या तळायला मदत केली आणि आत स्वयंपाकघरात बसून राहिलो. वाडगा आणला गेला. त्यात एकच चिठ्ठी होती. एक छेद एक. यापुढे कसलंही गणित उरत नाही. काढायचीही गरज नाही, पैसे आमचेच. पण बायका ऐकेनात. काढायलाच पाहिजे म्हणाल्या, आणि भाऊजींनाच बोलवा म्हणाल्या.

मी हात पुसत बाहेर आलो. वाडग्यात हात घालणार, तेवढ्यात सोफ्याच्या कोपऱ्यातून काकूंचा आवाज आला.

“भाऊजी, आधी नीट ढवळा हं.”